जवळची वाट

सहकुटुंब कुठे बघायला जायचं म्हटलं की ते ठिकाण लांबच असलं पाहिजे, अशी आमच्या घरात जुनी समजूत आहे. वाटेत निदान एक टोलनाका लागायला हवा, घाटात कुणाला तरी मळमळायला हवं, आणि पोचल्यावर 'आता आलोच आहोत तर' असं म्हणत एखादी टेकडी चढायला हवी. जे लोकलच्या पासावर बघता येतं त्याला सहल म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्यामुळे आर्किटेक्चर शिकणाऱ्या पुतणीने एका रात्री जेवताना गिरगावातल्या खोताच्या वाडीचं नाव काढलं, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. सासूबाई तर आमटीची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "खोताची वाडी? तिथे काय बघायचंय? तिथून तर आम्ही जायचो."

सासूबाई माहेरच्या गिरगावकर. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण अजून त्या डोंबिवलीबद्दल बोलताना 'इकडे' म्हणतात आणि गिरगावबद्दल बोलताना 'आपल्याकडे'. शाळेला उशीर झाला की मोठ्या रस्त्याने न जाता खोताच्या वाडीत शिरायचं आणि मागच्या रस्त्याला बाहेर पडायचं, एवढाच त्यांचा त्या वाडीशी संबंध. म्हणजे त्यांच्या आठवणीत ही वाडी फक्त उशिराच्या सकाळी उगवते. वेणीची एक रिबीन सुटलेली, दप्तर पाठीवर आपटतंय आणि दोन्ही बाजूंनी घरं मागे पळताहेत, अशी. वेळ वाचवण्यासाठी जी गल्ली वापरली, तिथे आता अख्खा दिवस घालवायला जायचं, तेही घरच्या सात माणसांनी, पाण्याच्या बाटल्या घेऊन, हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. त्या आल्या त्या केवळ आम्ही चुकू नये म्हणून.

गिरगावकराच्या डोक्यातला नकाशा रस्त्यांचा नसतो, फटींचा असतो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. नावं ऐकून पिशवी घेऊन निघावंसं वाटतं, पण आत गेलं की फणसही नाही आणि केळही नाही, नुसत्या चाळी, जिने, आणि जिन्याखालून पलीकडे निघणारा एक बोळ. कुणाच्या तरी अंगणातून कुणाची तरी वाट जाते. एका घरातली फोडणी ओलांडावी तोवर दुसऱ्या घरातल्या रेडिओवरची बातमी पुरी होते, अशा बेताने माणसं त्या बोळांतून ये-जा करत आली आहेत. सासूबाई कुणालाही पत्ता सांगताना मॅजेस्टिकपासून सुरुवात करतात. 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १९३१ साली जिथे लागला ते मॅजेस्टिक सिनेमागृह केव्हाच पडलं, त्या जागी दुकानं आली. पण सासूबाई अजूनही त्या नसलेल्या इमारतीपाशी डावीकडे वळतात आणि बरोबर जिथे जायचं तिथे पोचतात. पुतणीच्या फोनमधल्या नकाशात सगळं आजचं आहे, अगदी कालपरवा उघडलेलं केकचं दुकानसुद्धा, आणि तो मात्र आम्हांला एका बंद फाटकापाशी नेऊन उभं करतो.

जाताना सीएसएमटीला उतरून आम्ही भुयारी मेट्रो घेतली. मध्ये काळबादेवी, की लगेच गिरगाव. खाली जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवताना सासूबाईंनी निऱ्या अशा उचलून धरल्या की नदीच्या घाटावरून पाण्यात उतरताहेत असं वाटावं. ज्या जमिनीवर त्या लंगडी खेळल्या तिच्या खालून आम्ही आलो आणि सरकत वर निघालो. आठ वर्षांच्या पुतण्याच्या लेखी सहल इथेच पुरी झाली होती. पुढचं सगळं तो मोठ्यांच्या समाधानासाठी सहन करणार होता.

सेंट तेरेसा चर्चच्या आसपासची ती गजबज, बस, हातगाड्या, मोटारसायकली, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे नेणारा मुलगा. आणि मग एका तोंडाशी वळलं की आवाज कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखा मागे राहतो. खोताची वाडी म्हणजे एक अरुंद, जरा वाकडी गल्ली आणि तिला फुटलेले दोन-चार बोळ. दोन्ही बाजूंना लाकडी घरं. कुणाचा रंग जांभळा, कुणाचा पिवळा, कुणाचा आता कुठला म्हणावा ते सांगता न येणारा. उतरती कौलं, समोर ओटा, माडीवर जायचा जिना घराच्या बाहेरून. हे बाहेरचे जिने मला फार आवडले. घरात भांडण झालं तर माणसाला कुणाच्याही समोरून न जाता वरच्या मजल्यावर जाऊन रुसता येतं. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये रुसायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं, आणि तिथे गेलं की कुणीतरी चहा टाकायला सांगतं.

पुतणीने माहिती सांगायला सुरुवात केली. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थाची ही जमीन. त्यांनी ती तुकड्यातुकड्यांनी दिली ती मुख्यतः ईस्ट इंडियन कुटुंबांना. हे इथलेच, मुंबई-साष्टी-वसईकडचे मूळ रहिवासी. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, आडनावं पोर्तुगीज घेतली, बोलणं मात्र मराठीच राहिलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमाराला, त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायचं ठरवलं. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहून पूर्वेचं नाव घ्यायला एक प्रकारचा दिलदारपणा लागतो. एके काळी वाडीत अशी पासष्ट घरं होती म्हणतात, आता तिसाच्या आत आली आहेत. मधूनच एखादी उंच इमारत उभी दिसते, बालवर्गाच्या फोटोत चुकून शिरलेल्या मास्तरांसारखी.

ही माहिती संपेपर्यंत सासूबाई नाहीशा झाल्या होत्या.

थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन वाजला. "अरे, मी मागच्या रस्त्याला येऊन उभी आहे. तुम्ही कुठे राहिलात?" आम्ही अजून दुसऱ्या घरापाशी होतो. सासूबाईंचा काहीच दोष नव्हता. खोताच्या वाडीत थांबायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. वाडीचं तोंड दिसलं, पायांनी आपलं काम केलं, आणि गुडघे दुखत असूनही त्यांनी ती गल्ली दोनेक मिनिटांत पार केली. नवरा आणायला गेला तेव्हा त्या पलीकडे एका स्कूटरपाशी किंचित धापा टाकत उभ्या होत्या. तो म्हणतो, प्रार्थनेच्या घंटेआधी पोचलेल्या मुलीचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

पण त्यामुळे एक झालं. त्यांना उलटं यावं लागलं. शाळा सुटल्यावर या मुली मोठ्या रस्त्याने, दुकानं बघत बघत, चिंचा खात घरी यायच्या. घाई फक्त सकाळीच असायची. म्हणजे त्या टोकाकडून या टोकाकडे सासूबाई वाडीतून फारशा आल्याच नव्हत्या. आता त्या मुलाच्या हाताला धरून सावकाश येत होत्या आणि मान वर करून बघत होत्या. "या घराला माडी आहे?" त्यांनी विचारलं. मग जरा पुढे, "हा क्रूस इथेच होता?" प्लेगच्या साथीच्या काळात, १८९६ आणि त्यानंतरच्या वर्षांत, मुंबईत ठिकठिकाणी असे क्रूस उभारले गेले, तेव्हा तो सासूबाईंच्या आधीपासून तिथे असणार. त्या त्याच्यासमोर थांबल्या आणि सवयीने हात जोडले. मग इकडेतिकडे पाहून, यांच्यात असंच करतात ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मीही जोडले. पुतण्याने आमचं पाहून जोडले, आणि हात सोडता सोडता तो प्रश्न विचारला जो प्रत्येक सहलीत कुणीतरी विचारतंच: "एवढंच?"

या 'एवढंच'ला आमच्या घरात मोठी परंपरा आहे. नवऱ्याने लहानपणी गेटवे ऑफ इंडिया बघून विचारलं होतं. मी स्वतः नव्या नवरीच्या मनात, मोठ्याने नव्हे, पण विचारलं होतं, जेव्हा सासूबाईंचं माहेर पहिल्यांदा पाहिलं: चाळीतल्या दीड खोल्या, समोर सज्जा, आणि त्या दीड खोल्यांत जेवायला बसलेली अकरा माणसं. एवढंच? मग जेवण झाल्यावर बायका सज्जात येऊन बसल्या, शेजारच्या बिऱ्हाडातून कुणीतरी पानाचा डबा घेऊन आलं, पलीकडून एक आजोबा खुर्चीसकट सरकले, आणि बघता बघता ते दीड खोल्यांचं घर जिन्यापर्यंत गेलं, खाली अंगणात उतरलं, फाटकाबाहेर पानवाल्यापाशी जाऊन थांबलं. केशवजी नाईकांची चाळ तिथून हाकेच्या अंतरावर. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली तिथे बसला, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटेनासं झालं. एका खोलीत माणसं मावेनाशी झाली की देवाला बाहेर आणण्यावाचून इलाजच नसतो.

खोताची वाडी पाच मिनिटांत संपते हे पुतण्याचं म्हणणं खरंच होतं. आमच्यासारख्या कुटुंबाला मात्र पाच मिनिटांचं अंतर कधीच पाच मिनिटांत कापता येत नाही. जाऊबाई प्रत्येक कुंडीतल्या झाडाचं नाव सांगून मगच पुढे सरकतात. दीर वाडीच्या तोंडाशी मिळालेल्या वेफर्सची पुडी फोडून ती सगळ्यांपर्यंत पोचवण्यासाठी पुढे-मागे करत असतात. पुतणी एका खिडकीच्या कमानीखाली उभी राहून वहीत रेघा मारते, आणि ती झाल्यावर म्हणते, "आता जरा ऊन सरकू दे." ऊन सरकायची वाट बघत उभं राहणं हा प्रकार मी पेरूच्या बागेत केला होता, मुंबईत कधी केला नव्हता. ऊन हळूहळू ओट्यावरून उतरलं. एक मांजर त्याच्याबरोबर एकेक पायरी खाली आलं.

मला मधूनमधून अवघडल्यासारखं होत होतं. कुणाच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, कुणाच्या उघड्या दारातून दिसणारा दूरदर्शन संच, कुणी ओट्यावर बसून निवडत असलेली भाजी. आणि आम्ही सात जण ते सगळं वारसा म्हणून बघतोय. माझं माहेर वाईचं. तिथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. 'स्वदेस'चं चित्रीकरण तिथे झाल्यापासून लांबलांबून माणसं येतात आणि पायऱ्यांवर बसून फोटो काढतात. ज्या पायऱ्यांवर आमच्या मावशीने जन्मभर गोधड्या आपटल्या, तिथे एक परकी मुलगी पाण्यात पाय सोडून उदास दिसायचा प्रयत्न करत होती आणि मावशी ओल्या गोधडीचं बोचकं सावरत, तिचं उदास होणं कधी संपतंय याची वाट बघत उभी होती. मग मावशीने सरळ विचारलं होतं, "बाई, कुणी गेलंय का घरात?"

हे आठवून मला एकटीलाच हसू आलं, आणि नेमकं तेव्हाच वरून आवाज आला.

"कोणाकडे आलात?"

एका घराच्या लाकडी कठड्याला टेकून एक वयस्कर बाई उभ्या होत्या. फुलाफुलांचा झगा, पांढरे केस आखूड कापलेले, हातात सुपारीएवढ्या लिंबांनी भरलेलं ताट. गिरगावात हाच प्रश्न बरोबर आहे. वाडीत माणूस येतो तो कोणाकडे तरी येतो. आम्ही सात जण एकमेकांकडे बघू लागलो, कारण आमच्यातलं कुणीच कोणाकडेच आलं नव्हतं.

"कोणाकडे नाही, आम्ही घरं बघायला आलोय," पुतणी म्हणाली.

"घर विकायचं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलेलं असणार की त्याला राग उरला नव्हता, नुसती गुळगुळीत कड राहिली होती.

नवरा दोन्ही हात हलवत खुलासा करू लागला, त्यामुळे तो अधिकच दलालासारखा दिसायला लागला. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. "अहो, आम्ही बिल्डरबिल्डर नाही. मी इथलीच. म्हणजे इथून जाणारी. शाळेत जायचो ना आम्ही, उशीर झाला की."

बाईंनी ताट कठड्यावर ठेवलं आणि निरखून पाहिलं. "त्या धावणाऱ्या पोरी? आमच्या ओट्यावरची कुंडी फोडली होती कुणीतरी. आईने लिस्बनहून आलेल्या माणसाकडून घेतली होती."

सासूबाई एकाएकी समोरच्या घराची कौलं न्याहाळू लागल्या. आम्हीही सगळे ती कौलं बघू लागलो. चांगली होती कौलं.

मग बाईच हसल्या आणि बाहेरच्या जिन्याने खाली आल्या. ओट्यावर जागा झाली. सासूबाई बसल्या, जाऊबाई बसल्या, मी पायरीवर. दोन म्हाताऱ्यांनी अर्ध्या तासात साठ वर्षांची उजळणी केली: कोण वारलं, कोण विरारला गेलं, कोण कॅनडाला, अनंताश्रम बंद झालं आणि त्याबरोबर तिथल्या माशांच्या आमटीची चव आणि तिथल्या वाढप्यांचा तुसडेपणाही गेला, दोघींना दुसऱ्याचीच जास्त हळहळ दिसली. बॉटल मसाल्याचा विषय निघाला. मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, पाऊस यायच्या आत कुटून रंगीत बाटल्यांत ठासून भरायचा. "मे महिन्यात या," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे या." शेवटचे तीन शब्द त्यांनी पुतणीकडे बघून म्हटले.

मधला एक क्षण कुणीच बोलेना, तेव्हा काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं की आमच्या मेणवलीला, घाटावरच्या देवळापाशी, तुमच्या वसईची एक घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. एक भीमाशंकरला आहे, एक आमच्याकडे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी माता आहे. लहानपणी आम्ही तिला घंटेतली देवी म्हणायचो.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या आईचं माहेर वसईकडचंच होतं.

"मग," त्या म्हणाल्या, "परत कधी आणताय?"

तो स्वर मी ओळखला. शेजारणीने उसनं नेलेलं पातेलं बरेच दिवस आलं नाही की असाच स्वर लागतो. पातेल्याचं काही नाही हो, पण आठवण केलेली बरी. मी निरुत्तर झाले. पावणेतीनशेहून जास्त वर्षं म्हणजे कुठल्याही शेजाराला जरा जास्तच.

सासूबाईंनी मात्र एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. "आणू की," त्या म्हणाल्या. "पण भांडं रिकामं परत करू नये. त्यात काय घालायचं ते तुम्ही सांगा."

बाई विचारात पडल्या. आम्हीही पडलो. "वेफर्स!" पुतण्या ओरडला. आख्ख्या दिवसात त्याला पहिल्यांदाच काही पटलं होतं. दिरांनी विचारलं की घंटा उलटी केली तर ती उभी कशी राहणार, खाली चुंबळ लागेल. नवऱ्याने किती किलो मावतील याचा अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि पुतणीने तोंडाचा व्यास कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणून वहीचं पान उलटलं.

"वेफर्स नको, ते सादळतात वाटेत," बाई म्हणाल्या. "तांदूळ भरा."

"आणि वर नारळ," सासूबाई म्हणाल्या.

"नारळ आमचा. वसईचा."

"असं कसं? घंटा आम्ही आणायची तर नारळही आम्हीच आणायचा."

"घाटावर कुठला आलाय नारळ?"

नवऱ्याने घड्याळ पाहून हळूच सुचवलं की आता निघायला हवं, फणसवाडीत पोचेपर्यंत मिसळ संपेल.

"संपली तर संपू दे," सासूबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "आधी नारळाचं काय ते ठरू दे."